हात लावील त्याचा वाटा

थोरली न्हाणीतून ओल्या केसांनी बाहेर आली, तर घरात माणसं. एक टोपीवाला बाप्या भिंतीला टेकवलेल्या वल्ह्यावर हात फिरवून बघत होता, आणि त्याची बायको शेगडीवरच्या पातेल्याचं झाकण उचलून आत डोकावत होती. थोरलीच्या वेणीतून पाणी ठिबकत होतं, अंगावर कपडेही नीट बसले नव्हते. "अगं बाई!" असं तिच्या तोंडून निघालं, तशी त्या बाईनं झाकण खाली ठेवलं आणि हसून टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं असणार, हेही दाखवायलाच ठेवलंय.

कोपऱ्यातल्या खाटेवर सासू बसली होती. ती म्हणाली, "बसा, बसा. आता मी मरून दाखवते. तेवढंच राहिलंय बघायचं."

पाहुण्यांना शब्द कळला नाही. त्यांनी तिचा फोटो काढला, मान लववली आणि निघून गेले. थोरलीनं दार लावून कडी घातली. भर दिवसा, उकाड्यात, आपल्याच घराला कडी.

हे असं सुरू झालं गावाच्या वेशीवर पाटी लागल्यापासून. जुनं, ऐतिहासिक, मासेमारीचं गाव. पाटी लागायच्या आधीही गाव जुनंच होतं, पण तेव्हा त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. आता सकाळ-संध्याकाळ गाड्या येतात. पर्यटन मंडळानं सगळी दारं एका रंगात रंगवून घेतली. जाळी वाळत घालायच्या ऐवजी भिंतींवर टांगली, ती पाहुणे आले की दिसावीत म्हणून. मासे तर कधीच लांब गेलेत. मोठ्या बोटी खोल पाण्यातच त्यांना गाठतात, काठाच्या लहान नावांना उरतं काय, तर शेवाळ. त्यामुळे गावातला जो तो पाहुण्यांच्या मागे लागला. कुणी गाड्या लावून देतो, कुणी चहा विकतो, कुणी शिंपल्यांच्या माळा. आणि थोरला, म्हणजे थोरलीचा नवरा, किनाऱ्यावर आपल्या नावेला पाठ टेकून जाळं विणत बसतो. मंडळ त्याला तसं बसण्याचाच पगार देतं.

आता जाळं किती दिवस विणणार? जाळं काही रोज फाटत नाही. म्हणून तो दिवसभर विणायचा आणि संध्याकाळी शेवटची गाडी गेली की विणलेलं सोडवून टाकायचा. उद्या परत विणायला हवं ना. पाहुणे म्हणायचे, काय बोटं चालतात म्हाताऱ्याची! तो म्हातारा नव्हता. पण उन्हात बसून बसून तसा दिसायला लागला होता.

नवऱ्याचा धाकटा भाऊ पाहुण्यांना गाव दाखवत हिंडायचा. त्यांच्या भाषेत फर्डा बोलायचा. रोज कडक इस्त्रीचा सदरा, म्हणून गावानं त्याचं नावच 'इस्त्री' ठेवलं होतं. थोरली या घरात आली तेव्हा हा तिच्या कमरेएवढा होता, शेंबूड पुसायलाही तिच्याकडेच यायचा. आता तोच पाहुण्यांना आणून थोरल्यासमोर उभं करायचा आणि सांगायचा, हा माझा भाऊ, आमच्या सात पिढ्या याच धंद्यात. सात पिढ्या कुणी मोजल्या होत्या कुणास ठाऊक.

त्या दिवशी दुपारी किनाऱ्याचा पंच दारात आला. त्या माणसाचं वय विचारू नये. किनाऱ्यावरच्या कुठल्या नावेची कुठली जागा, हे त्याच्या शब्दावर चालतं, त्याच्या बापाच्या शब्दावर चालायचं. त्यानं काठी दाराला टेकवली, पाणी प्यायलं, आणि म्हणाला, "सूनबाई, तुमची नाव यंदा भिजलीच नाही."

"मासाच नाही काका. भिजवून काय करायचं?"

"ते मला सांगू नकोस. मासा असो नसो, रीत रीत आहे. पुनवेनंतर वारा फिरला की समुद्र बंद. त्याआधी नाव पाण्यात जायला हवी, मासे घेऊन यायला हवी, आणि नावेला हात लावील त्याला वाटा मिळायला हवा. एका माणसाचा जरी वाटा चुकला तरी ती खेप धरायची नाही. नाहीतर जागा सुटली. मागाहून माझ्या नावानं बोटं मोडू नका, म्हणून सांगायला आलो."

किनारा म्हटला तर केवढा, पण नाव वर ओढायला खडक नसलेली जागा एवढीशीच. तिथं ज्याच्या नावेखाली सरकवायचे ओंडके पडलेत तोच नाववाला. जागा गेली की नाव गेली, आणि नाव गेली की माणूस उरला नुसता उन्हात बसायला.

"आणि जागा सुटली तर कुणाला?" तिनं विचारलं.

पंचानं काठी उचलली. "मंडळानं मागितलीय. टेबलं टाकून छत्र्या लावणार म्हणे. चालवणार कोण ते तुझ्या दिराला विचार."

संध्याकाळी धाकटा जेवायला आला तेव्हा तिनं ताट वाढायच्या आधीच विचारलं. "भावजी, आमच्या जागेवर डोळा ठेवलात?"

धाकट्याचा चेहरा उतरला, पण तो मागे हटला नाही. "डोळा काय वहिनी? जागा सुटणारच आहे. परक्यानं घेण्यापेक्षा घरात राहिली तर वाईट काय? मी खुर्च्याही सांगून ठेवल्यात. नाव काही कुणी मोडत नाहीये. ती मधोमध ठेवू, भोवती टेबलं. दादानं तिथंच बसावं. आता बसतोच ना?"

थोरला भिंतीशी बसला होता. तो ताटाची वाट बघत राहिला. तेच थोरलीला जास्त झोंबलं.

"हात बघू तुमचा," ती त्याला म्हणाली. त्यानं हात पुढे केला नाही, तिनंच ओढून घेतला. पूर्वी वल्ह्यानं घट्टे पडलेला, न तासलेल्या लाकडासारखा हात होता तो. लग्नानंतर कितीतरी दिवस तिला तो बोचायचा. आता तळवा मऊ. तिच्या स्वतःच्या हातापेक्षा मऊ. तिला रडू आलं आणि रागही आला, आणि तिनं दोन्ही एकदमच बोलून टाकलं. "असल्या हातानं मला घास भरवू नका. मी नावेवरच्या माणसाशी लग्न केलंय. भिंतीवर टांगलेल्या जाळ्याशी नाही."

"अगं, ढकलणार कोण नाव?" थोरला हळूच म्हणाला. "गावातला एक माणूस मोकळा नाही."

"ते मी बघते. तुम्ही नाव तयार करा."

सासू खाटेवरून म्हणाली, "कर रे. ही आता गप्प बसायची नाही. हिचा बाप पण असाच होता, मेला भांडून भांडून."

दुसऱ्या दिवशी थोरल्यानं नावेच्या पोटात हात घातला तेव्हा कळलं, घोळ कुठवर गेलाय. बाहेरून मंडळानं निळा रंग दिलेला, बघत राहावी अशी नाव. आतून मात्र हंगामभर उन्हात तापून फळ्या आकसल्या होत्या. सांध्यांतून बोट जात होतं. अशी नाव पाण्यात घातली तर तिची चाळणी होते. तिला आधी पाणी पाजावं लागतं. ओल्या गोणपाटांनी झाकायची, आत पाणी ओतत राहायचं, लाकूड फुगून सांधे मिटेपर्यंत.

मग बादल्या. सासूनं घरातली होती नव्हती तेवढी पोती काढून दिली. थोरला आणि थोरली लाटेत गुडघाभर शिरून बादल्या भरायचे, गरम वाळूतून वर आणायचे, नावेत ओतायचे. अर्धं पाणी खालून गळून जायचं. परत बादल्या. थोरलीच्या खांद्याची कातडी सोलवटली, मीठ लागून चुरचुरायला लागली. थोरला चार खेपांत धापा टाकायचा आणि ती बघतेय हे पाहून पुन्हा उठायचा.

पाहुण्यांना तर पर्वणीच. रोज बादल्यांच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी रांग. एकदा एका पोरसवदा बाईनं हातानं खूण केली, थांबा, ऊन डोळ्यांवर येतंय, परत ओता. आणि थोरलीनं परत ओतलं! रिकामी झालेली बादली परत भरून आणून, त्या बाईकडे तोंड करून ओतली. मग दिवसभर ती स्वतःवरच चरफडत होती. माझे हात मेले ऐकतात कुणाचंही, असं म्हणून तिनं बादली दोनदा आपटली.

धाकटा पाहुण्यांना घेऊन तिथून जायचा. वहिनीकडे बघायचा नाही. काहीतरी सांगायचा, पाहुणे माना डोलवायचे. एकदा मात्र घोळका पुढे गेल्यावर तो मागे वळून आला, खाली ठेवलेली भरली बादली उचलून नावेत ओतली आणि सदऱ्याला हात न पुसता निघून गेला. थोरलीनं पाहिलं, पण हाक मारली नाही.

पुनवेच्या दिवशी सांधे मिटले. सकाळीच थोरल्यानं ओंडक्यांना माशांचं तेल चोपडलं, जाळं नावेत टाकलं. रोज विणून सोडवायचा तेच जाळं, घरात दुसरं धड कुठं होतं. थोरलीनं घरोघर फिरून माणसं मागितली. कुणी म्हणालं, आज गाड्या फार. कुणी म्हणालं, पाठ धरलीय. शेवटी आले दोन म्हातारे आणि चहावाल्याची बायको. सासूही काठी टेकत आली आणि नावेच्या कडेला हात लावून उभी राहिली. पंच वर खडकावर बसून बघत होता.

"हय्या!" म्हटलं, खांदे लावले, पाय वाळूत रुतले. नाव तसूभर हलली नाही. पुन्हा. एक म्हातारा तोंडावर पडला. थोरला नावेच्या पुढच्या टोकाला, नाळेला, डोकं टेकून उभा राहिला. त्याच्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते.

तेवढ्यात गाडी आली. भरगच्च. पाहुणे वाळूत उतरले, क्षणभर बघत राहिले. मग त्यातल्या एका आडदांड, अर्ध्या चड्डीतल्या बाप्यानं खांद्यावरची पिशवी वाळूत टाकली आणि दोन्ही हात नावेला लावले.

सासू किंचाळली, "अरे मुडद्या, हात लावू नको! लावू नका रे कुणी! वाटा द्यावा लागेल!"

तिला कोण ऐकतंय. ती जोर द्यायला ओरडतेय असं वाटून बाकीचेही धावले. बायका, पोरं, एक काठी घेतलेली आजीबाई. कुणी नावेला लागलं, कुणी नावेला लागलेल्याच्या पाठीला. नाव हलली. हलली ती सुटलीच. पण ढकलणाऱ्यांना काय माहीत कुणीकडे जोर लावायचा! सगळा भार एका अंगाला, आणि नाव ओंडक्यांवरून घसरून एका कुशीवर कलायला लागली. तिच्या खाली दोन पोरं. थोरली ओरडली. आणि तेवढ्यात इस्त्रीचा सदरा मध्ये घुसला. धाकट्यानं खांदा नावेच्या कुशीला लावला, टाचा रोवल्या, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. लहानपणापासून त्याची तीच बाजू. नाव सावरली, सरळ झाली, ओंडक्यांवरून गडगडत पाण्यात गेली. पाहुण्यांनी एकच गिल्ला केला. धाकट्याचा सदरा खांद्यापासून कमरेपर्यंत तेलानं माखला होता.

पंच खडकावरून उतरून आला. "मोजलेत मी हात," तो थोरलीला म्हणाला. "पाठीला लागलेले सोडले, नावेला लागलेले धरले, तुम्हा नाववाल्या दोघांचे सोडून. सगळ्यांना वाटा पोचला पाहिजे, सूनबाई. पाहुणा असला तरी हात तो हातच."

"पोचवते," ती म्हणाली, आणि नावेत चढली. दुसरं वल्हं मारायला होतंच कोण?

काठ मागे पडला तसा थोरल्याचा कणा ताठ होत गेला. तळव्यांना फोड आले, फुटले, वल्ह्याची मूठ ओली झाली, पण तो बोलायला लागला. कितीतरी महिन्यांत एवढं बोलला नव्हता. इकडे बघ, पाण्याचा रंग बदलला. तिकडे पाखरं बसतायत बघ. थोरली एका हातानं पाणी उपसत होती, नाव थोडं थोडं पितच होती. त्यांनी जाळं सोडलं आणि वाट बघितली. ऊन डोक्यावर आलं. थोरला म्हणाला, "ओढ."

ओढलं, तर जाळं जड. तिचा विश्वास बसेना. "अहो!" ती म्हणाली. "बोलू नको, ओढ," तो म्हणाला, पण त्याच्या तोंडभर हसू पसरलं होतं. पाण्याखाली चांदी हलायला लागली. एवढा मासा काठाजवळ आला कसा, देव जाणे. जाळं नावेच्या कडेला आलं, भार कडेवर पडला, आणि मधोमध, जिथं तो रोज विणायचा, तिथं एकेक गाठ उकलत गेली. आवाजसुद्धा झाला नाही. भगदाड पडलं आणि मासे धबाधब पाण्यात परत गेले.

थोरला जाळ्याची ती कड हातात धरून बघत राहिला. संध्याकाळी सोडवायला सोपी जावी म्हणून तो रोज सैल गाठ मारायचा. आदल्या दिवशी त्यानं सगळं जाळं पुन्हा नीट बांधलं होतं, चांगलं मन लावून, पक्कं. निदान त्याला तसं वाटलं होतं. पण बोटांना आता तीच गाठ येत होती, सैल, सोडायची.

"माझीच गाठ," तो म्हणाला. "बापानं शिकवलेली गाठ विसरलो मी." आणि तो धाय मोकलून रडायला लागला. एवढा मोठा माणूस, नावेत गुडघ्यांवर बसून.

थोरलीला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण जाळ्याच्या दोन्ही टोकांत अजून काहीतरी तडफडत होतं. तिनं आधी ती टोकं वर ओढली, मासे नावेत झटकले, मग त्याच्या पाठीवर हात ठेवला. "उठा. आहेत तेवढे घेऊ. गाठ काय, परत येईल. जागा परत यायची नाही."

काठावर पाहुणे अजून थांबलेले. आपण ढकललेली नाव परत येताना बघायची म्हणून त्यांनी ड्रायव्हरला थोपवून धरलं होतं, आणि तो वर रस्त्यावर हॉर्नवर हॉर्न मारत होता. नाव वाळूला लागताच सगळे पाण्यात धावले. सासूनं टोपली पुढे केली आणि पंच काठी रोवून उभा राहिला.

मग वाटे. प्रत्येकाला एक मासा. आडदांड बाप्यानं मासा छातीशी धरून फोटो काढून घेतला. काठीवाल्या आजीबाईंनी रुमालात नीट गुंडाळला, आणि गुंडाळण्याच्या पद्धतीवरून थोरलीला कळलं, हिनं आयुष्यात मासे पुष्कळ हाताळलेत. एका पोरानं भोकाड पसरलं. एक नटवी बाई नको नको करत मागे सरकली, गाडीत वास येईल म्हणून नाकाला हात लावून दाखवायला लागली. सासूनं तिची झोळी उघडून मासा आत सोडला आणि वर थोपटलं. दोघा-तिघांनी पैसे पुढे केले. थोरलीनं त्यांचे हात दुमडून परत दिले. विकलेला मासा वाटा होत नाही.

पाहुणे झाले. दोन्ही म्हातारे झाले. चहावाल्याची बायको झाली. सासूनं आपला हात लावल्याचा मासा स्वतःच उचलून कनवटीला लावला, वर म्हणाली, "रीत म्हणजे रीत." थोरलीनं पुन्हा टोपलीत हात घातला. टोपलीला नुसतं पाणी आणि खवले. तिनं तळ चाचपला. मग नावेत वाकून बघितलं, पोत्यांखाली, जाळ्याच्या घड्यांत. काही नाही.

सासूच्या ध्यानात आलं. तिनं घाईघाईनं कनवटीला हात घातला, पण पंच म्हणाला, "एकाचा वाटा दुसऱ्याला चालत नाही, म्हातारे. तुला माहीत आहे."

"कुणाचा राहिला?" पंचानं विचारलं.

थोरलीनं टोपली उपडी केली. हॉर्न थांबला होता. राहिला होता धाकट्याचा. तो बाजूला उभा होता, तेलानं माखलेला सदरा अंगाला चिकटलेला. मंडळाचा माणूस त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला होता, तोही बघत होता. धाकट्यानं फक्त तोंड उघडायचा अवकाश. खुर्च्या सांगितलेल्या होत्या, छत्र्या उद्या आल्या असत्या. आणि तो खोटं थोडंच बोलणार होता? नावेला त्यानं हात लावलेला अख्ख्या किनाऱ्यानं पाहिला होता.

थोरलीनं त्याच्याकडे बघितलं नाही. तिला वाटलं, बघितलं तर ती भीक होईल. थोरला नावेची कड धरून उभा होता. त्याच्या तळव्यांतलं रक्त निळ्या रंगावर उमटलं होतं. धाकट्याची नजर तिथं गेली आणि तिथंच राहिली.

"सगळ्यांचे झाले काका," तो म्हणाला.

"तुझा?"

"मला पोचला."

"कुठाय?"

"घरी पाठवला."

मंडळाच्या माणसानं त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही याला वेडच लागलंय. पंचानं धाकट्याचा तेलकट सदरा वरपासून खालपर्यंत न्याहाळला. त्याचे डोळे म्हातारे होते, आंधळे नव्हते. मग त्यानं वाळूत रोवलेली काठी उपटली. "ज्याचा वाटा तोच म्हणतो पोचला, तर मी कोण विचारणार? जागा तुमची. ओंडके नीट लावा," असं म्हणून तो निघून गेला.

रात्रीचं जेवण लवकरच झालं. सासूच्या एकट्या माशाचं कालवण पातळ झालं होतं आणि तोंडी लावायला कांदा होता. थोरल्याच्या हातांना फडकं बांधलेलं, त्याला घास धरता येईना, तेव्हा थोरलीनं भरवला. धाकटा जुना, बिनइस्त्रीचा सदरा घालून भिंतीशी बसला होता. ताटाकडे बघतच सासूनं विचारलं, "काय रे, तुझ्या वाट्याचा मासा कसा होता?"

धाकटा घास चावत राहिला. गिळला. मग म्हणाला, "काटे फार होते, आई."

थोरला हसला. हसता हसता त्याला ठसका लागला, आणि थोरली त्याला पाणी द्यायला उठली ती तशीच शेगडीपाशी, सगळ्यांकडे पाठ करून, उभी राहिली.